जर्मन शिकावें कीं जपानी?

भाषाशास्त्राचा पंडित म्हणून मी आपणांपुढें बोलावयास बसलेलों नाहीं. माझें स्वतःचें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. आंबेगांव तालुक्यांतील अवसरी बुद्रुक हें माझें गांव; मुलांना मराठी, गणित व जुजबी इंग्रजी शिकविण्यांत माझें आयुष्य गेलें. निवृत्तीनंतर मात्र ध्यानींमनीं नसतां दोन परक्या भाषांशीं माझा संबंध आला. तो कसा आला हें सांगितल्यावांचून आजच्या विषयास हात घालतां येणार नाहीं.

दोन वर्षांपूर्वीं उन्हाळी कांद्याच्या काढणीच्या दिवसांत माझा एक जुना विद्यार्थी आपल्या मुलीस घेऊन घरीं आला. मुलगी परिचारिकेच्या शिक्षणक्रमाच्या शेवटच्या वर्षास होती. बापाच्या हातांत जाहिरातीचे दोन कागद होते. एकावर ‘तीन महिन्यांत जर्मन’ असें वचन होतें, दुसऱ्यावर ‘सहा महिन्यांत जपानी, नोकरी हमखास’. बाप म्हणाला, “गुरुजी, यंदाच्या कांद्याचे पैसे हातीं आले आहेत. एका शिकवणीची फी भागेल, दोहोंची नाहीं. या दोहोंत सोपी कोणती, तेवढें सांगा.” मुलगी सारा वेळ गप्प होती. निघतांना उंबऱ्यावर थांबून ती हलकेंच म्हणाली, “गुरुजी, माझें इंग्रजी कच्चें आहे. मला या भाषा येतील का हो?”

बापाच्या प्रश्नाचें उत्तर मजजवळ नव्हतें, आणि मुलीच्या प्रश्नाचें तर मुळींच नव्हतें. तिच्या परीक्षेस अवकाश होता म्हणून मीं मुदत मागून घेतली. दोन्ही भाषांचीं पहिलीं पुस्तकें आणविलीं, पुण्यास जाऊन शिकविणाऱ्या मंडळींस भेटलों, आणि पावसाळाभर पाटी-पेन्सिल घेऊन धडे गिरविले. पारंगत झालों नाहीं. परंतु मराठी माणसास कोठें सपाट वाट लागते व कोठें चढ लागतो, हें थोडेंबहुत कळलें. तेंच आज सांगावयाचें आहे.

हा प्रश्न आमच्या एका घरापुरता नाहीं. एके काळीं पुण्यांत जर्मन शिकत ते संस्कृतचे अभ्यासक. ब्योट्लिंक व रोट यांचा मोठा संस्कृत कोश १८५५ ते १८७५ या काळांत सेंट पीटर्सबर्गला निघाला, तो जर्मन भाषेंत. भांडारकर संस्थेंत १९२५ पासून महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें संपादन ज्यांनीं हातीं घेतलें ते डॉ. विष्णु सीताराम सुखठणकर बर्लिनला शिकलेले होते. आज ही गरज पंडितांच्या घरांतून कारखान्यांत व रुग्णालयांत आली आहे. आम्ही पुण्यास जातों त्याच नाशिक रस्त्यावर चाकण लागतें. तेथें फोक्सवॅगनचा कारखाना २००९ सालीं सुरू झाला. जपानी कंपन्यांचे कारखानेही त्याच पट्ट्यांत आहेत. शेजारच्या अवसरी खुर्दला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. जपाननें २०१९ च्या एप्रिलपासून विशिष्ट कौशल्याच्या परदेशी कामगारांसाठीं नवा परवाना सुरू केला आणि २०२१ सालीं त्यासाठीं भारताशीं करार केला. महाराष्ट्र शासनानें २०२४ च्या फेब्रुवारींत जर्मनींतील बाडेन-व्युर्टेम्बेर्ग या राज्याशीं कुशल मनुष्यबळ पुरविण्याविषयीं करार केला. तेव्हां हा प्रश्न आतां पुष्कळ घरांच्या ओसरीवर येऊन बसला आहे.

प्रथम नातें पाहूं. जर्मन ही मराठीची दूरची भाऊबंद आहे. फार प्राचीन काळीं एकाच घरांतून निघालेल्या भाषांपैकीं एक शाखा संस्कृत-प्राकृतांतून आपल्यापर्यंत आली, दुसरी युरोपांत गेली. रक्ताची खूण अजून टिकून आहे. ‘पितर’ यास जर्मनांत ‘फाटर’, ‘मातर’ यास ‘मुटर’, ‘नख’ यास ‘नागेल’, ‘आठ’ यास ‘आख्त’, ‘नऊ’ यास ‘नॉइन’. बैलाच्या मानेवरचें ‘जू’ हा संस्कृत ‘युग’ शब्दाचा वंशज. जर्मन शेतकरी त्यासच ‘योख’ म्हणतो. आपला ‘रथ’ आणि जर्मनाचें ‘राट’ म्हणजे चाक, हीं एकाच कुळांतलीं. हे बदल मनास येईल तसे झालेले नाहींत. डेन्मार्कचे रास्क यांनीं १८१८ सालीं आणि परीकथांमुळें प्रसिद्ध असलेल्या याकोब ग्रिम यांनीं १८२२ सालीं त्यांचे नियम मांडून दाखविले. आपल्याकडे आरंभीं ‘प’ तेथें तिकडे ‘फ’: ‘पाद’ म्हणजे ‘फूस’. आपल्याकडे ‘द’ तेथें ‘त्स’: ‘दश’ म्हणजे ‘त्सेन’, ‘दंत’ म्हणजे ‘त्सान’. एवढे दोन नियम ध्यानांत ठेवले तरी पुष्कळ शब्द परके वाटत नाहींत.

जपानीशीं आपलें असें रक्ताचें नातें नाहीं. येथें नवशिक्याची एक फसगत होते, ती आधींच सांगून ठेवतों. नाव या अर्थीं जर्मन शब्द ‘नामऽ’ आहे, जपानी शब्द ‘नामाए’ आहे. दोन्ही सारखेच जवळचे वाटतात. परंतु पहिला खरोखर आपल्या ‘नाम’ शब्दाचा भाऊ आहे. दुसऱ्याचें साम्य केवळ योगायोगाचें आहे. बौद्ध धर्माबरोबर कांहीं संस्कृत शब्द मात्र जपानांत गेले व राहिले. यमराज तेथें ‘एन्मा’ झाला, आणि ‘दान’ या शब्दापासून आलेला ‘दान्ना’ आज तेथें नवरा या अर्थीं वापरतात!

असें असतांही जपानी वाक्य उच्चारून पाहिलें आणि मी चकित झालों. ‘मी पाणी पितों’ याचें जपानी ‘वाताशि वा मिझु ओ नोमिमासु’. ‘वाताशि’ म्हणजे मी, ‘मिझु’ म्हणजे पाणी, ‘नोमिमासु’ म्हणजे पितों. कर्ता, कर्म, क्रियापद, आपलाच क्रम. शब्दाच्या मागें प्रत्यय लागतात, तेही आपल्यासारखेच. ‘चा-ची-चे’ बद्दल ‘नो’, ‘पासून’ बद्दल ‘कारा’, ‘पर्यंत’ बद्दल ‘मादे’. ‘मंचर कारा पुणे मादे’ म्हणजे मंचरपासून पुण्यापर्यंत. आपल्याकडे प्रत्ययापूर्वीं ‘पुणें’चें ‘पुण्या’ असें सामान्यरूप करावें लागतें; जपानींत तेंही नाहीं. प्रश्न विचारावयाचा तर वाक्याच्या शेवटीं ‘का’ लावावा: ‘नोमिमासु का?’ म्हणजे ‘पितां का?’ हाही योगायोगच. पण तो मराठी मुलाच्या तोंडीं पहिल्याच दिवशीं बसतो.

जर्मन वाक्याची चाल निराळी. ‘इश ट्रिंकऽ वासर’, म्हणजे ‘मी पितों पाणी’. मुख्य वाक्यांत क्रियापद दुसऱ्या स्थानीं बसलेंच पाहिजे. परंतु गौण वाक्य आलें कीं तेंच क्रियापद उठून शेवटीं जातें: ‘वाइल इश वासर ट्रिंकऽ’, म्हणजे ‘कारण मी पाणी पितों’. इंग्रजीच्या वाटेनें आलेला विद्यार्थी येथें अडखळतो. मराठी मुलास सांगावें कीं, बाळ, गौण वाक्यांत तुझ्या घरचाच क्रम ठेव.

आतां नाम व लिंग. इंग्रजीवरून जर्मनकडे जाणाऱ्यास वस्तूला लिंग असतें हेंच मुळीं चमत्कारिक वाटतें. हिंदीस दोन लिंगें आहेत. मराठीस तीन, आणि जर्मनलाही तीन. ‘डेर, डी, डास’ हे आपले ‘तो, ती, तें’ समजावेत. चमचा तेथेंही पुल्लिंगी आहे. परंतु प्रत्येक वस्तूचें लिंग जुळतेंच असें नाहीं: सूर्य तेथें स्त्रीलिंगी आहे आणि सुरी नपुंसकलिंगी. म्हणून शब्द पाठ करतांना ‘डेर-डी-डास’ सकट पाठ करावा. विभक्ति चारच आहेत. पण आपल्याकडे प्रत्यय नामाच्या शेपटास लागतो, तेथें बदल मुख्यतः पुढच्या उपपदांत होतो: ‘डेर फाटर’ म्हणजे वडील, ‘डेम फाटर’ म्हणजे वडिलांना. आरंभीं हेंच मोठें दुखणें. जपानींत यांतलें कांहीं नाहीं. लिंग नाहीं, बहुधा वचनही नाहीं. मी, तूं, ते, सर्वांस एकच ‘नोमिमासु’.

संख्यांची गंमत पाहा. २१ यास आपण ‘एकवीस’ म्हणतों, म्हणजे आधीं एक, मग वीस. जर्मनही तसेंच म्हणतात: ‘आइन-उंड-त्स्वांत्सिग’, एक-आणि-वीस. २०१९ सालीं आपल्या दुसरीच्या गणितांत ‘वीस एक’ असें वाचन आलें तेव्हां केवढा वाद माजला होता, हें पालकांस आठवत असेल. जपानी मुलास तो वाद कळणारही नाहीं. त्याची २१ म्हणजे ‘नी-जू-इचि’, दोन-दहा-एक. दहापर्यंत आंकडे आले कीं नव्याण्णवपर्यंत मोजणें आलें.

उच्चारांत मराठी जीभ दोन्हींकडे भाग्यवान आहे. ‘चूल’ व ‘चाक’ यांतला ‘च’ आणि ‘चिंता’ यांतला ‘च’ निराळे आहेत, हें आपण शाळेंत शिकतों. त्या ‘चुली’च्या ‘च’शीं जर्मनाचा ‘त्स’ आणि जपानीचा ‘त्सु’ अगदीं जवळ आहे. जर्मनांतले दोन-तीन स्वर मात्र आपल्याकडे नाहींत. ओठ ‘ऊ’चे आणि जीभ ‘ई’ची ठेवून ते साधावे लागतात. जपानीचे पांचही स्वर, अ इ उ ए ओ, आपल्या घरचे. तेथें जपावयाचें तें ऱ्हस्वदीर्घ. ‘दिन’ आणि ‘दीन’ यांत भेद करणाऱ्या मराठी माणसास हें सांगावयास नको. ‘ओजिसान’ म्हणजे काका, ‘ओजीसान’ म्हणजे आजोबा. आणि परिचारिकेनें तर विशेष जपावें: ‘ब्योइन’ म्हणजे रुग्णालय, ‘बियोइन’ म्हणजे केशभूषेचें दुकान!

घरगुती रीतीभातींतही जपानी आपल्याजवळ येते. जर्मनांस थोरला व धाकटा दोघेही ‘ब्रूडर’. जपानी माणूस थोरल्यास ‘आनि’ व धाकट्यास ‘ओतोतो’ म्हणतो, जसे आपण दादास केवळ भाऊ म्हणत नाहीं. ‘खा’, ‘खावें’, ‘भोजन व्हावें’ अशा आपल्या पायऱ्या जपानींतही आहेत, किंबहुना अधिक आहेत. जर्मनांत दोनच: जवळच्यास ‘डू’, मानाच्या माणसास ‘झी’, म्हणजे ‘तूं’ आणि ‘आपण’. जर्मनाची निराळी मौज समासांत आहे. ‘क्रांकन’ म्हणजे आजारी, ‘हाउस’ म्हणजे घर. ‘क्रांकनहाउस’ म्हणजे रुग्णालय. परिचारिकेचें जुनें नांव ‘क्रांकनश्वेस्टर’, रुग्णांची बहीण. यांतला ‘श्वेस्टर’ हा संस्कृत ‘स्वसृ’चा सख्खा भाऊ. समासाचा विग्रह करतां येणाऱ्यास लांबलचक जर्मन शब्दांचें भय वाटत नाहीं.

एथवर ऐकून कोणी म्हणेल, मग जपानीच सोपी! परंतु लिपि अजून बाकी आहे. जर्मनची लिपि रोमन. आपल्या मुलांस ती आधींच येते, आणि लिहिल्याप्रमाणें बहुतेक उच्चार होतो. जपानींत तीन लिप्या एकाच वाक्यांत नांदतात. हिरागाना व काताकाना यांचीं प्रत्येकीं ४६ अक्षरें. तीं महिनाभरांत येतात. त्यांचा क्रम पाहून मला आनंद झाला: अ इ उ ए ओ, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. आपल्या वर्णमालेचीच ही सांवली. बौद्ध भिक्षूंनीं संस्कृत लिपीचा अभ्यास तिकडे नेला, त्याचा हा प्रसाद. परंतु तिसरी लिपि चिनी चित्राक्षरांची, तिला ‘कांजि’ म्हणतात. २०१० च्या सरकारी यादींत नित्य वापराचीं २१३६ चित्राक्षरें आहेत, आणि एकेकाचे उच्चार दोन-दोन, तीन-तीन. डोंगराचें चित्राक्षर एकटें असलें तर ‘यामा’. तेंच फुजि पर्वताच्या नांवांत ‘सान’. हें काम वर्षानुवर्षें चालतें. त्यास आडवाट नाहीं.

आमच्याकडचा दृष्टांत द्यावयाचा तर जर्मन म्हणजे अवसरीचा घाट. लगेच चढण लागते, दम लागतो. पण घाट संपला कीं पुढें सपाट रस्ता. जपानी म्हणजे मंचरहून घोडेगांवावरून भीमाशंकरास जाणारी वाट. आरंभीं सपाट, गप्पा मारीत जावें अशी. खरा डोंगर पुढें आहे, आणि तो लवकर संपत नाहीं.

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यानें आपल्या अधिकाऱ्यांसाठीं अंदाज बांधला आहे. त्यांत जपानीस सुमारें २२०० तास लागतात आणि जर्मनला त्याच्या निम्म्याहून कमी. हा आंकडा सांगून आपल्या मुलांस घाबरविणें बरें नाहीं. तो इंग्रजी बोलणाऱ्यांचा आहे. त्यांना क्रियापद शेवटीं ठेवावयास शिकावें लागतें. आपल्याला तें आईनें शिकविलें आहे. त्यांना वस्तूचें लिंग नवें. आपल्याला तें पाळण्यांतलें. चित्राक्षरांचा भार मात्र दोघांस सारखाच, हेंही विसरूं नये.

आतां त्या जाहिरातींचा हिशेब करूं. जर्मनची पातळी ए-एक पासून सी-दोन पर्यंत सहा पायऱ्यांनीं मोजतात. जर्मनींत नोंदणीकृत परिचारिका म्हणून काम करण्यास साधारणतः चौथी पायरी, बी-दोन, लागते. तिच्यासाठीं ४५ मिनिटांच्या ६०० ते ८०० तासिका लागतात असें ग्योटे संस्थाच सांगते. रोज दोन तासिका, आठवड्यांतून सहा दिवस, म्हणजे आठवड्यास १२. सहाशेंस १२ नें भागा: ५० आठवडे, एकही सुट्टी न घेतां, आणि घरचा अभ्यास वेगळा. तीन महिन्यांच्या वचनाचें काय होतें, तें चौथीचें मूलही सांगेल.

जपानीची परीक्षा एन-पांच पासून एन-एक पर्यंत चढत जाते. विशिष्ट कौशल्याच्या परवान्यास एन-चार किंवा तत्सम परीक्षा व त्या कामाची परीक्षा लागते. वृद्धांच्या शुश्रूषेसाठीं त्या कामांतील जपानीचीही वेगळी परीक्षा असते. ही पायरी त्या मानानें लवकर गांठतां येते. परंतु दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्यात. जपानी भाषेच्या या परीक्षेंत बोलण्याची व निबंध लिहिण्याची कसोटी नाहीं, पर्यायांतून उत्तर निवडावयाचें असतें. म्हणून प्रमाणपत्र हातीं असूनही तोंड बंद, असें होऊं शकतें. जर्मनच्या ग्योटे परीक्षेंत वाचणें, ऐकणें, लिहिणें, बोलणें, चारही पाहतात. दुसरी गोष्ट: जपानांत शुश्रूषा करणें निराळें आणि परिचारिका होणें निराळें, परिचारिकेस तेथील राष्ट्रीय परीक्षा जपानी भाषेंतच द्यावी लागते.

म्हणून ‘सोपी कोणती’ हा प्रश्न मीं बाजूला ठेवला आणि बाप-लेकीस पुन्हां बोलावून तीन प्रश्न विचारले. कोणतें काम करावयाचें आहे? त्या कामास कोणती पायरी लागते? आणि तितके महिने घर तग धरील का? यंत्राच्या कामांत शिरून लवकर बोलूं लागावयाचें असेल आणि पुढें वर्षानुवर्षें अक्षरें गिरविण्याची चिकाटी असेल तर जपानी बरी. शिकलेला पेशा त्याच नांवानें चालवावयाचा असेल आणि पहिल्या वर्षाची चढण सोसवत असेल तर जर्मन बरी. शिवाय फी भरण्यापूर्वीं एक महिना घरींच दोन्ही करून पाहाव्यात: पंधरा दिवसांत हिरागानाचीं ४६ अक्षरें, पंधरा दिवसांत ‘डेर-डी-डास’ सकट शंभर नामें. ज्या वहीकडे हात आपोआप जाईल ती आपली. पुण्यांत मॅक्सम्युलर भवन, विद्यापीठाचा रानडे इन्स्टिट्यूटमधील परकीय भाषांचा विभाग, जपानीसाठीं टिळक महाराष्ट्र विद्यापीठ, अशीं ठिकाणें आहेत; तेथें स्वतः जाऊन चौकशी करावी, कागदावरच्या वचनावर विसंबूं नये.

मुलीनें जर्मन घेतली. तिच्या इंग्रजीच्या भयावर उपाय म्हणून मीं एकच केलें: प्रत्येक धडा तिच्याकडून मराठींत समजावून घेतला. ‘हा समास, ही षष्ठी, हें गौण वाक्य’ असें ती सांगूं लागली आणि भीति ओसरली. शहरांतील पुष्कळ वर्गांत या भाषा इंग्रजीच्या आधारानें शिकवितात. मग मराठीची ही सारी पुंजी मुलाच्या खिशांतच राहते आणि तें आपणांस दरिद्री समजतें. तिसऱ्या पायरीच्या परीक्षेंत ती पहिल्या खेपेस लेखनांत अनुत्तीर्ण झाली. तेवढाच भाग पुन्हां देतां येतो. तो तिनें दिला व उतरली. सध्यां बी-दोनचा अभ्यास चालू आहे. पहिल्या वर्षाची फी कांद्यांतून निघाली, दुसऱ्या वर्षीं गाय विकावी लागली, हेंही सांगितलें पाहिजे. कारण भाषा शिकणें स्वस्त आहे असा समज मी पसरवूं इच्छीत नाहीं.

आमच्या शेजारीं जुन्नरच्या डोंगरांत बौद्ध लेणीं आहेत. सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींच्या तेथील लेखांत इरिल, चिट व चंद या तीन यवनांचीं दानें नोंदलेलीं आहेत. कोणी पाण्याचीं टाकीं दिलीं, कोणी भोजनमंडप. ते लेख येथल्या प्राकृतांत व ब्राह्मी लिपींत आहेत. बाहेरून आलेले लोक येथें राहिले आणि त्यांचें नांव येथल्या भाषेंत कोरलें गेलें. आतां आमच्या मुलांची पाळी आहे. त्यांनीं जावें, परक्या भाषेंत आपलें नांव नीट लिहावें. आणि तें लिहावयास आपल्याला कोणत्या भाषेनें शिकविलें, याची आठवण ठेवावी.